ताप पाचव्या दिवशीही उतरेना, तर...
लहान मुलांच्या 'कावासाकी' आजाराची ओळख



लहान मुलाला ताप येणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. हवा पालटली, शाळा सुरू झाली, की घरोघरी एखादे तरी पोर तापाने फणफणते. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, पोर पुन्हा अंगणात खेळू लागते आणि आपणही आपल्या कामाला लागतो. बहुतेक तापांचे असेच होते. तेव्हा पुढील मजकूर वाचून कोणी घाबरून जाऊ नये.

परंतु एक आजार असा आहे, की तो तापाच्या आडून लेकराच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धरतो. वेळेवर ओळखला तर त्यावर चांगला उपाय आहे. ओळखला नाही तर काही दिवसांनी ताप आपोआप जातो, घरची माणसे निर्धास्त होतात आणि आत नुकसान होऊन बसलेले असते. या आजाराला 'कावासाकी आजार' म्हणतात. नाव ऐकून पुष्कळांना मोटारसायकल आठवेल! पण त्या गाडीचा येथे काही संबंध नाही. कावासाकी हे जपानातले आडनाव आहे.

डॉ. टोमिसाकू कावासाकी हे जपानचे बालरोगतज्ज्ञ. १९६१ सालच्या जानेवारीत टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात त्यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, फुटलेले ओठ. कोणत्याच ठाऊक असलेल्या आजारात ही लक्षणे नीट बसेनात. त्यांनी ती जशीच्या तशी लिहून ठेवली. पुढे तसेच दुसरे मूल आले, तिसरे आले. ५० मुलांच्या नोंदी जमल्यावर १९६७ साली त्यांनी जपानी भाषेत त्या प्रसिद्ध केल्या आणि १९७४ साली इंग्रजीत. सुरुवातीला असे वाटले होते, की हा आजार आपोआप बरा होतो व मागे काही राहत नाही. पण १९७० साली जपानात देशभर पाहणी झाली, तेव्हा बरी झाली असे समजलेली काही मुले हृदयाच्या त्रासाने अचानक दगावल्याचे दिसून आले. मग या आजाराचे खरे गांभीर्य कळले. डॉ. कावासाकी २०२० साली, वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. त्यांच्या शोधाच्या मुळाशी होती ती साधी, चिकाटीची नोंद. आजही घरी हा आजार ओळखायचा तर तीच नोंद कामी येते. हा लेख मुख्यतः तेवढेच सांगण्यासाठी आहे.

आत काय बिघडते?

या आजारात अंगातील रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येते. विशेषतः हृदयाला रक्त पुरविणाऱ्या ज्या बारीक वाहिन्या असतात, त्यांना ही सूज नडते. सायकलच्या ट्यूबचे रबर जिथे विरलेले असते तिथे हवा भरल्यावर फुगा येतो, हे आपण पाहतो. तसाच वाहिनीच्या कमजोर जागी फुगवटा येतो. आणि पाट जिथे रुंद होतो तिथे पाण्याची ओढ कमी होऊन गाळ बसतो, तसे त्या फुगवट्यात रक्त रेंगाळून त्याची गुठळी होऊ शकते. गुठळीने वाहिनी बंद झाली, तर मोठ्या माणसाला यावा तसा हृदयविकाराचा झटका लहान लेकराला येऊ शकतो.

उपचार न मिळालेल्या दर १०० मुलांपैकी साधारण २५ जणांच्या या वाहिन्यांना इजा होते. वेळेवर उपचार मिळाला तर हे प्रमाण ४ ते ५ वर येते. वेळेवर म्हणजे ताप सुरू झाल्यापासून १० दिवसांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले.

हा आजार मुख्यतः ५ वर्षांखालील मुलांना होतो. मुलींपेक्षा मुलग्यांना थोडा अधिक. तो लागट नाही; एका लेकराचा दुसऱ्याला होत नाही. त्याचे मूळ कारण अद्याप पक्के सापडलेले नाही. तेव्हा आईच्या खाण्यापिण्यात काही चुकले, कुणाची नजर लागली, असे कोणी मनाला लावून घेऊ नये. जपानात हा आजार सर्वांत जास्त आढळतो. पण तो जपानपुरताच नाही. चंदीगडच्या पी.जी.आय. या संस्थेतील डॉक्टरांनी १९९० च्या दशकापासून अशी शेकडो मुले तपासली आहेत. आपल्या महाराष्ट्रातही बालरोगतज्ज्ञांना हा आजार माहीत आहे.

नेहमीची पाच लक्षणे

पाच दिवस वा अधिक चढा ताप, आणि सोबत खालील पाचांपैकी चार लक्षणे असली, म्हणजे हा आजार पुरता ओळखता येतो:

१) दोन्ही डोळे लाल होतात, पण डोळे आल्यावर जशी चिपडे येतात, पू येतो, तसे होत नाही.

२) ओठ लालभडक होऊन सुकतात, फुटतात. जीभ लाल होऊन तिच्यावर दाणे उठून दिसतात.

३) अंगावर पुरळ येते. ते कधी गोवरासारखे, कधी पित्त उठल्यासारखे दिसते.

४) हाताचे तळवे व पायाचे तळवे लाल होतात, सुजतात. पोर पाय टेकवायला कुरकुरते.

५) मानेला, बहुधा एकाच बाजूला, मोठी गाठ येते.

पुरळ व लाल डोळे पाहून घरात पहिला शब्द निघतो तो 'गोवर'. गोवरात सर्दी, खोकला, डोळ्यांतून पाणी हे ठळक असते. कावासाकीत सर्दी-खोकला सहसा फारसा नसतो. तरीपण घरच्या घरी निवाडा करू नये. गोवरही साधा आजार नव्हे. दोन्हींसाठी डॉक्टरच हवेत.

लक्षणे एका दिवशी येत नाहीत

खरी अडचण इथेच आहे. ही लक्षणे बारदानात भरल्यासारखी एकत्र येत नाहीत. समजा, सोमवारी ताप आला. मंगळवारी अंगावर पुरळ उठले आणि बुधवारी ते मावळले. गुरुवारी डोळे लाल झाले. शुक्रवारी ओठ फुटले, पण डोळे निवळले. आता शुक्रवारी डॉक्टरांनी पोर पाहिले, तर त्यांना ताप आणि फुटलेले ओठ एवढेच दिसणार. तापात ओठ सुकायचेच! पाचांपैकी तीन लक्षणे होऊन गेली. पण ती सगळी एका माणसाने एका वेळी पाहिलेली नाहीत.

त्यात आपली एक सवय अशी, की दोन दिवसांत गुण आला नाही की डॉक्टर बदलायचा. गावातला झाला, बाजारपेठेतला झाला, मग तालुक्याचा. प्रत्येक नवीन डॉक्टरसाहेबांपुढे ताप पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जातो. मागचे कागद घरी राहिलेले असतात. दहा दिवसांची मुदत अशीच हातची जाते.

फसवी रूपे

काही लेकरांमध्ये तर पाचांपैकी दोन किंवा तीनच लक्षणे येतात. डॉक्टर याला अपुरे रूप म्हणतात. 'अपुरे' म्हणजे सौम्य असे मात्र समजू नये. हृदयाला धोका तितकाच, कधी अधिकही असतो. पुढील रूपे ध्यानात ठेवावीत.

तान्हे मूल: सहा महिन्यांखालील बाळाला नुसता ताप आणि अतोनात किरकिर एवढेच असू शकते. पुरळ आले तरी पुसट. पण वाहिनीला फुगवटा येण्याचा धोका याच वयात सर्वांत मोठा. म्हणून तान्ह्या बाळाचा ताप सात दिवस टिकला व कारण सापडले नाही, तर दुसरे एकही लक्षण नसले तरी या आजाराच्या दृष्टीने तपासणी करतात. अर्थात, तान्ह्या बाळाला ताप आला तर सात दिवस घरी ठेवावे असा याचा अर्थ नव्हे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

लशीचा व्रण लाल होणे: जन्मानंतर आपल्याकडे बाळाच्या डाव्या दंडावर क्षयाची, म्हणजे बी.सी.जी.ची लस देतात व तिचा व्रण राहतो. तापात हा जुना व्रण पुन्हा लाल झाला, सुजला, त्यावर खपली धरली, तर ही या आजाराची मोठी खूण आहे. ती क्वचितच दुसऱ्या आजारात दिसते. आंघोळ घालताना आईच्या किंवा आजीच्या नजरेला ती आधी पडते; पण 'लस पिकली असेल' म्हणून कोणी डॉक्टरांना सांगत नाही. हे अवश्य सांगावे.

नुसती मानेची गाठ: ताप आणि मानेला एका बाजूला मोठी दुखरी गाठ. गाठ पिकेल म्हणून औषधे चालू होतात. ताप हटत नाही. डोळे व ओठ दोन-चार दिवसांनी लाल होतात.

लघवीतील पू: लघवी तपासली तर त्यात पू-पेशी सापडतात आणि लघवीच्या जंतुदोषाचे औषध सुरू होते. पण कल्चर केले तर जंतू उगवत नाहीत, आणि तापही हलत नाही.

पोटाचे दुखणे: जोराची पोटदुखी, उलट्या, जुलाब, कधी पित्ताशय सुजते, कधी डोळे पिवळे होऊन काविळीचा संशय येतो.

सांधे धरणे: गुडघा, घोटा सुजून पोर लंगडते किंवा चालायलाच तयार होत नाही.

मोठे मूल: सात-आठ वर्षांच्या पुढे हा आजार कमी आढळतो. म्हणूनच त्या वयात तो लवकर कुणाच्या मनात येत नाही व उशीर होतो.

शुद्ध हरपणे, हातपाय गार पडणे: थोड्या मुलांचा रक्तदाब एकदम खाली येतो. पोर निपचित पडते. अशा वेळी तासाचाही उशीर करू नये. थेट मोठे रुग्णालय गाठावे. २०२० साली कोरोनाच्या साथीत, कोरोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, काही मुलांना याच्यासारखाच आजार झाला होता. त्यांतही असा धोका असे.

आणखी दोन खुणा. एक, लंगोटाच्या जागेची कातडी तापातच लाल होऊन सोलते. दुसरी, ताप सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी हातापायांच्या बोटांची टोके नखांजवळून सोलू लागतात. तोवर ताप गेलेला असतो. पोर खेळत असते. तरीही आठवून पाहावे: मागच्या पंधरवड्यात मोठा ताप, लाल डोळे, पुरळ होते काय? असेल तर पोर बरे दिसते म्हणून गप्प बसू नये. डॉक्टरांना दाखवून हृदयाची तपासणी करून घ्यावी. ताप गेला म्हणजे आजार गेला, असे या आजारात नसते.

तापाची नोंद ठेवा

उसाच्या लागणीची तारीख आपण गट ऑफिसात नोंदवतो. तारखेत घोळ झाला तर तोडणीच्या पाळीला घोटाळा होतो, म्हणून चिटबॉयच्या मागे लागून ती बरोबर लिहून घेतो. मग लेकराच्या तापाची तारीख का लिहू नये? डॉक्टर एका दिवसाचे पोर पाहतात; सर्व दिवसांचे पोर फक्त घरच्यांनी पाहिलेले असते. वहीच्या एका पानावर एवढेच लिहा:

- ताप कोणत्या तारखेला सुरू झाला. दिवस मोजताना ती तारीख पहिला दिवस धरा.
- रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटरने मोजलेला ताप.
- डोळे, ओठ, जीभ, पुरळ, तळवे, मानेची गाठ, लशीचा व्रण यांत काय दिसले, कोणत्या तारखेला आले आणि कोणत्या तारखेला गेले.
- कोणते औषध कधीपासून दिले. त्याचे वेष्टण जपून ठेवा.

हल्ली घरोघरी कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. पुरळ, डोळे, ओठ, जीभ, दंडावरचा व्रण यांचे उजेडात फोटो काढून ठेवा. मावळलेले पुरळ डॉक्टरांना दाखविण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

सोबतच ऊसतोडणीस आलेल्या मजुरांच्या लेकरांकडेही लक्ष असू द्यावे. आज एका फडावर, उद्या दुसऱ्या गावच्या कोपीत. त्यांच्या तापाचे दिवस मोजणारे कोणी नसते. आपल्या रानात टोळी असेल आणि कोपीतले पोर चार-पाच दिवस तापात असेल, तर मुकादमाला सांगून त्याला दवाखान्यात पोचते करावे. ज्यांच्या हातांनी आपला ऊस गाळपाला जातो, त्यांच्या लेकरासाठी एवढे करणे आपल्या सहकाराला शोभून दिसेल.

डॉक्टरांना काय विचारावे?

विचारायला संकोच वाटू देऊ नये. नम्रपणे म्हणावे, "डॉक्टरसाहेब, आज तापाला पाचवा दिवस आहे. औषधाने फरक नाही. मंगळवारी पुरळ होते, गुरुवारी डोळे लाल होते, हे फोटो आहेत. हा कावासाकीचा प्रकार असू शकेल काय?" कोणताही चांगला डॉक्टर या प्रश्नाचा राग धरणार नाही.

या आजारासाठी एक ठाम अशी रक्ततपासणी नाही. डॉक्टर लक्षणे व रक्त-लघवीचे रिपोर्ट एकत्र पाहून ठरवतात. रक्तात सूज दाखविणारे आकडे, म्हणजे सी.आर.पी. व ई.एस.आर., वाढलेले असतात. डेंग्यूमुळे 'पेशी कमी झाल्या' हा शब्द आता सर्वांना ठाऊक आहे. कावासाकीत बहुधा उलट होते. दुसऱ्या आठवड्यात त्याच पेशी, म्हणजे प्लेटलेट, फार वाढतात. तेव्हा पेशी भरपूर आहेत म्हणून पोर ठणठणीत, असा हिशेब करू नये.

हृदयाच्या वाहिन्या पाहण्यासाठी 'इको' म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. तीत सुई नाही, दुखणे नाही. पहिल्या आठवड्यातला इको चांगला आला म्हणजे आजार नाहीच, असे मात्र ठरत नाही. तो पुन्हा करावा लागतो.

उपचार व खर्च

मुख्य औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. ते निरोगी लोकांनी दिलेल्या रक्तापासून तयार करतात आणि सलाईनसारखे १० ते १२ तास हळूहळू शिरेतून देतात. मात्रा वजनावर असते: दर किलोला २ ग्रॅम. म्हणजे १० किलोच्या लेकराला २० ग्रॅम. औषध महाग आहे, हे खरे. म्हणून रुग्णालयात गेल्याबरोबर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आरोग्यमित्राकडे करावी आणि रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे. कागद जमवण्यात दिवस मात्र घालवू नयेत.

औषध दिल्यावर बहुतेक मुलांचा ताप दीड दिवसात उतरतो. साधारण १० ते २० टक्के मुलांचा उतरत नाही किंवा परत येतो. त्यांना पुन्हा मात्रा किंवा दुसरे औषध द्यावे लागते. सोबत ॲस्पिरिनही देतात, ते रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

येथे एक ताकीद. ॲस्पिरिन हे डॉक्टरांनी या आजारासाठी ठरवून दिले तरच लेकराला द्यावे. साध्या तापात दुकानातून आणून कधीही देऊ नये. विषाणूच्या तापात त्याने मेंदू व यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

घरी आल्यावर

१) ॲस्पिरिन साधारण सहा ते आठ आठवडे चालते. पोर खेळते आहे म्हणून मध्येच बंद करू नये.

२) त्या काळात घरात कांजिण्या किंवा फ्लूचा ताप शिरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

३) इकोच्या तारखा चुकवू नयेत. उपचारानंतर एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी इको करतात. सुगी असो, गाळप असो, लग्न असो; तारीख पाळावी.

४) इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर गोवर-रुबेला व कांजिण्यांची लस सहसा ११ महिने लांबणीवर टाकतात. बाकीच्या लसी चालू राहतात. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात लशीला नेताना हा कागद दाखवावा.

५) डिस्चार्ज कार्ड जमिनीच्या उताऱ्याइतके जपावे. वाहिनीला फुगवटा आलेला असेल, तर पोर मोठे होईपर्यंत व पुढेही तपासणी लागते. फुगवटा नसेल तर बहुतेक मुले इतर मुलांसारखीच खेळतात, शिकतात, वाढतात.

थोडक्यात सांगावयाचे म्हणजे, पाच दिवस ताप हटला नाही, कारण नीट सापडले नाही, आणि डोळे, ओठ, पुरळ, तळवे, मान, लशीचा व्रण यांपैकी एक-दोन ठिकाणी जरी काही दिसले असले, तर बालरोगतज्ज्ञ गाठावा आणि तारखांचा कागद त्यांच्या हाती द्यावा. लक्षणे पुरी होण्याची वाट पाहू नये.

शेवटी एक विनंती. हा अंक सभासदाच्या नावाने येतो, पण लेकराला आंघोळ घालणारे, ओठांना तूप लावणारे हात घरातल्या बायामाणसांचे असतात. तेव्हा हे पान त्यांना वाचून दाखवावे आणि मग अंक फळीवर टाकून न देता, थर्मामीटर जिथे ठेवता तिथेच खोचून ठेवावा.